आरसी बुकात प्लिमथ, बॉनेटवर डॉज: जुन्या गाडीचं मूळ नंबरावरून कसं काढायचं

सोलापुरात कुठल्या वाड्यामागं, शेडमध्ये, गोणपाटाखाली जुनी गाडी निघाली की ती दोघांपैकी एकाचीच असते, एकतर कुठल्यातरी संस्थानिकाची नाहीतर थेट निजामाची. साध्या माणसाची जुनी गाडी म्हणून नसतेच. माझ्या दोस्ताच्या मामांकडं अक्कलकोट रोडला जी गाडी उभी आहे तीबी आम्ही लहानपणापासून "राजाची गाडी" म्हणूनच ऐकत आलो, कोणत्या राजाची ते मामांना विचारलं तर ते म्हणायचे तू गप चहा पी. मग मागच्या वर्षी मामा म्हणाले की आता हिचं काहीतरी करा, आणि आम्ही बघितलं तर बॉनेटवर डॉज लिहिलंय, आरसी बुकात प्लिमथ आणि साल १९४८, आणि बॉनेट उघडलं तर आत पर्किन्सचं डिझेल इंजिन. म्हणजे एकाच गाडीची तीन तोंडं, आणि तिन्ही वेगळं बोलणारी.

हे सोडवता सोडवता जे कळलं ते लिहितोय. ज्यांनी कधीच असलं काम केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे हे, जाणकारांना यातलं निम्मं माहीत असेल त्यांनी पुढं सरकावं.

सगळ्यात आधी, गाडी धुवू नका

खरंच सांगतो. लोक पहिलं काम काय करतात तर सर्व्हिसिंग सेंटरला नेऊन प्रेशरनं धुतात, किंवा डेंटर बोलावून पत्रा घासायला लावतात. त्यात कागदी स्टिकर, खडूनं किंवा ऑइल पेंटनं लिहिलेल्या खुणा, जुन्या रंगाचे थर सगळं जातं. आधी मोबाईलवर फोटो काढा, चारी बाजूनं, बॉनेटच्या आत, डिकीत, दारं उघडून, सीटखाली, गाडीच्या पोटाखाली. पन्नास नाही, दोनशे काढा, काय फुकटच आहेत.

दुसरं म्हणजे कागद आत्ता वाचू नका. हे ऐकायला उलटं वाटेल पण कागद नंतर, पत्रा आधी. कारण असं की आरसी बुकातला नंबर एकदा डोक्यात बसला की डोळ्याला पत्र्यावर तोच दिसतो, गंजलेला ३ आहे का ८ आहे हे मग आपण बघत नाही, आपण ठरवतो. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत नंबर उतरवून घेतले, एकमेकांना न दाखवता, आणि मग जुळवले तर दोन आकड्यांत फरक निघाला. परत टॉर्च घेऊन आत.

सामान फार लागत नाही. टॉर्च, जुना टूथब्रश, थोडं रॉकेल किंवा डिझेल, फडकं, पांढरा खडू, मऊ पेन्सिल, पातळ कागद, मोजायची टेप. ग्राइंडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर या तीन वस्तू घरीच ठेवा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका फियाटवर नंबर नीट दिसावा म्हणून ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर मारलता, आणि गंजाबरोबर शेवटचा आकडाच साफ झाला. मालकाचं तोंड अजून आठवतं. शिवाय नंबर घासलेला दिसला की तपासणीच्या वेळी चोरीच्या गाडीसारखं बघतात, आणि त्यांचं चूक नाही.

करायचं एवढंच. रॉकेलनं तेलकट थर भिजू द्यायचा, रात्रभर राहिला तरी चालतं, टूथब्रशनं हळू काढायचा, पुसायचं, मग खडू आडवा धरून फिरवायचा आणि वरवर पुसायचं, खोलगट भागात खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं, पत्र्याला चिकटवून मारा, अंधारात केलं तर अजून बरं. आरटीओच्या कामाला जसा चासी नंबरचा पेन्सिल छाप घेतात तसाच छाप कागद ठेवून घ्या, फोटोपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

कुठला नंबर कशाचा

नवीन माणूस इथंच चुकतो म्हणून जरा थांबून सांगतो.

लोखंडावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक उठावदार, म्हणजे लोखंड साच्यात ओतताना आलेले, हाताला टेंगळासारखे लागतात. हे कास्टिंग नंबर. असे हजारो ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, एकाच नंबरचे असतात, त्यावरून गाडी ओळखता येत नाही पण इंजिन कोणत्या जातीचं ते कळतं. दुसरे ठोकलेले, पंच मारून खोल गेलेले. हे त्या एकाच इंजिनाचे किंवा त्या एकाच चासीचे. अर्ध्या लोकांची गाडी इथंच रुळावरून घसरते, उठावदार नंबर मोठा आणि स्पष्ट असतो म्हणून तोच इंजिन नंबर समजून लिहून घेतात आणि मग आरसी बुकाशी जुळत नाही म्हणून डोक्याला हात लावून बसतात.

कास्टिंगजवळच बऱ्याचदा तारीख पण असते. क्रायस्लरच्या (प्लिमथ, डॉज, डिसोटो या सगळ्या तिच्याच गाड्या) इंजिनांवर ती सरळ महिना-दिवस-साल अशी मिळते. अमेरिकन तारखेत महिना आधी असतो हे विसरू नका. शेवरोलेवर महिन्याला अक्षर असतं, इंग्रजी ए म्हणजे जानेवारी आणि तिथून एल म्हणजे डिसेंबर, त्यापुढं दिवस आणि सालाचा शेवटचा आकडा. ही तारीख ब्लॉक ओतल्याची असते, गाडी बनली त्याच्या थोडं नंतर. म्हणून ब्लॉकची तारीख गाडीच्या सालापेक्षा पुढची निघाली तर इंजिन नंतर बसवलंय, दुसरा अर्थच नाही.

चासी नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो किंवा पट्टीवर. इंजिन नंबर ब्लॉकवर. बॉडी नंबर वेगळा, तो बहुतेक इंजिन आणि केबिनच्या मधल्या आडव्या पत्र्यावर पट्टीत असतो. पट्टी दिसली की आधी रिव्हेट बघा. पट्टी जुनी आणि रिव्हेट चकचकीत ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट, असं असेल तर पट्टी कधीतरी काढून लावलीय, कदाचित रंग मारायलाच काढली असेल, पण कदाचित दुसऱ्या गाडीवरून आली असेल.

अजून एक, सतरा अक्षरी नंबर शोधत बसू नका. तो प्रकार १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सक्तीचा झाला आणि मग जगभर पसरला, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीचं आपापलं खातं. १९४८ च्या गाडीचा नंबर नेटवरच्या डिकोडरमध्ये टाकला की "चुकीचा नंबर" येतं, त्यात नंबराची काहीच चूक नसते.

पर्किन्सचं काय

तर मामांच्या गाडीत पर्किन्स. यात नवल काही नाही, पेट्रोल परवडेना झालं तेव्हा आपल्याकडं मोठ्या अमेरिकन गाड्यांत सर्रास डिझेल इंजिन घातलीत, पर्किन्स घाला नाहीतर मॅटाडोरचं घाला. त्यामुळं जुन्या गाडीत इंजिन नंबरावर लगेच विश्वास ठेवू नका. पण जुनं इंजिन गेलं कुठं हे नक्की विचारा. आम्ही विचारलं. मामा म्हणाले गेलं असेल भंगारात. मामी आतून म्हणाल्या, "भंगारात कशाला, मोहोळच्या शेतात विहिरीवर होतं की ते, लाइट यायच्या आधी."

आम्ही रविवारी गेलतो मोहोळला. विहिरीशेजारच्या खोलीत, कडब्याच्या मागं, खरंच सहा सिलिंडरचं चपट्या हेडचं (हेड म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण) इंजिन, पंपाचा पट्टा फिरवायची पुली अजून लावलेली. गडी म्हणाला साप असंल, काठी घेऊन जावा. साप नव्हता. पुढच्या टोकाला डावीकडं, डायनामोच्या वर एक छोटी सपाट जागा असते क्रायस्लरच्या या इंजिनांवर, तिथं नंबर ठोकलेला असतो. रॉकेल, टूथब्रश, खडू. सुरुवातीला निघालं डी २५.

आता बघा हे का महत्त्वाचं. क्रायस्लरवाल्यांच्या इंजिन नंबराची सुरुवातच गाडीची जात सांगते. युद्धानंतरच्या १९४६ ते १९४८ मध्ये पी १५ म्हणजे प्लिमथ, डी २४ म्हणजे अमेरिकेतली डॉज, एस ११ म्हणजे डिसोटो, आणि डी २५ म्हणजे कॅनडातली डॉज, जी आतून प्लिमथच असायची, फक्त तोंड डॉजचं. असल्या प्लिमथच्या अंगावर डॉजचं तोंड लावलेल्या गाड्या परदेशात किंग्जवे नावानं विकल्या जायच्या, तशीच डिसोटोचं तोंड लावलेली डिप्लोमॅट.

आणि याचा पुरावा टेपनं मिळतो, मला हे फार आवडलं. अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजच्या सहा सिलिंडरचं हेड साधारण २३ इंच लांब, कॅनडातल्या विंडसरच्या कारखान्यातल्या इंजिनाचं साधारण २५ इंच. नंबर घासला जाईल, पट्टी निघेल, पण दोन इंच लोखंड कोण लपवणार? आमचं भरलं २५. मग घरी येऊन आरसी बुकातले नंबर वाचले, पहिल्यांदा, आणि इंजिन नंबरच्या रकान्यात पर्किन्सचा नंबर वरून लिहिलेला आणि खाली खोडलेला जुना नंबर, शाईतून दिसत होता, विहिरीवरचाच. कंपनीच्या रकान्यात प्लिमथ का, तर बहुतेक कुणीतरी बॉडीकडं बघून भरलं असणार, आणि त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.

कॅनडा का, असं दोस्तानं विचारलं. तर ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच देशांत साम्राज्यातल्याच मालाला जकातीत सवलत असायची, १९३२ च्या ओटावा करारांनी ती अजून पक्की झाली. कॅनडा साम्राज्यात, अमेरिका नाही. म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच "अमेरिकन" गाड्या खरं तर कॅनडातून यायच्या. फोर्डचं पण तसंच, १९२६ ला भारतात आलेली फोर्डची कंपनी कॅनडाच्या फोर्डचीच पोरगी होती.

तुमची गाडी दुसरी असेल तर

फोर्ड मॉडेल ए असेल तर इंजिनाच्या डाव्या बाजूला नंबर, ए नं सुरू, दोन्ही टोकांना चांदणी ठोकलेली. कॅनडाची असेल तर सी ए. चांदण्या वेड्यावाकड्या किंवा नाहीतच, तर नंबर परत ठोकलाय का अशी शंका घ्या. तोच नंबर फ्रेमवर पण असतो पण बॉडीखाली झाकलेला, बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही, म्हणून रिस्टोअर करताना बॉडी उचलाल त्या दिवशी फोटो काढायला विसरू नका.

शेवरोले, ब्यूक या जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या आडव्या पत्र्यावर फिशरची (त्यांच्या बॉड्या बनवणारी कंपनी) बॉडी पट्टी बघा, त्यात स्टाइल, बॉडी, आतल्या कापडाचा आणि रंगाचा कोड असतो. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या, १९५४ च्या सुमारास बंद केलं, त्यामुळं सुट्या भागात येऊन इथं जोडलेल्या गाड्या भरपूर. कापडाचा आणि रंगाचा कोड गाडीशी जुळला नाही तर लगेच गाडी खोटी म्हणू नका, जोडताना इथं जे मिळालं ते लावलं असं पण होतं.

जोडण्यावरून आठवलं, कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, जिनं १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या आणि नंतर फियाट बनवल्या, ती काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, १८८२ चा जन्म इथलाच. वालचंद कॉलेजात शिकून पण निम्म्या पोरांना हे माहीत नसतं.

मॉरिस, एमजी असल्या इंग्लिश गाड्यांत पन्नाशीच्या दशकात अक्षर-आकड्यांचा कोड येतो. मॉरिस मायनरचं पहिलं अक्षर एफ, दुसरं बॉडीचं, तिसरं रंगाचं, आणि मग आकड्यात पहिला आकडा बाजारपेठेचा. १ म्हणजे इंग्लंडमध्येच विकायची, २ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची निर्यात, ५ म्हणजे उजव्या स्टिअरिंगची पण सुट्या भागात पाठवलेली. एक आकडा, पण त्यात कळतं की गाडी अख्खी बोटीतून उतरली का खोक्यातून. आणि या गाड्यांचं नशीब असं की कारखान्याच्या वह्या शिल्लक आहेत, इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियममधून पैसे भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग, कुठं पाठवली ते येतं. डायनामो, वायपर मोटर लुकास कंपनीची असेल तर तिच्यावरही महिना आणि साल ठोकलेलं सापडतं, सगळ्या भागांवर एकाच वर्षाच्या आसपासच्या तारखा असतील तर गाडी फारशी उसवलेली नाही.

जीप. आपल्या जिल्ह्यात ऊसवाल्यांकडं जीप म्हणजे घरचं माणूस. युद्धानंतर लष्कराच्या लिलावातली निघाली तर बघायचं विलीज आहे का फोर्ड, कारण तीच गाडी दोघांनी बनवली. पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल तर फ्रेम विलीजची, उलट्या यू सारखा पत्र्याचा तर फोर्डची. फोर्डनं स्वतःच्या बोल्टांवर सुद्धा एफ ठोकलाय, इतका हट्टी माणूस. फोर्डमध्ये चासी आणि इंजिनाचा मूळ नंबर एकच असायचा, विलीजमध्ये दोन वेगळे. त्यामुळं विलीजमध्ये दोन नंबर वेगळे दिसले म्हणून घाबरू नका, आणि फोर्डमध्ये दिसले तर जरूर घाबरा. आणि महिंद्राची असेल, म्हणजे १९४७ नंतर इथं जोडलेली सीजे (साध्या लोकांसाठीची जीप), तर ती लष्करी म्हणून विकणाऱ्यापासून सावध.

आता कागद

कागद वाचताना नंबर प्लेट हापण पुरावाच. एमएच १३ म्हणजे सोलापूर, अकलूजचं एमएच ४५, पण ही पद्धत १९८९ च्या आसपासची. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे. मुंबई राज्यात बी नं सुरू, महाराष्ट्र झाल्यावर एम नं. म्हणजे तीन अक्षरी बी वाला नंबर असेल तर नोंदणी १९६० च्या आधीची असायचा संभव मोठा.

सोलापूरकरांसाठी एक खास गोची आहे. आपण सीमेवर. तुळजापूर, नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथली गाडी म्हणजे वेगळ्या सरकारची नोंद. गुलबर्गा पण तिकडंच. आणि विजापूर मात्र १९५६ पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात गेलं. म्हणून गाडीची पहिली नोंद शोधताना आजचा नकाशा बघून पत्र लिहू नका, ज्या सालात नोंद झाली त्या सालाचा नकाशा बघा. विजापुरात घेतलेल्या १९५२ च्या गाडीचा शोध मुंबई राज्याच्या कागदांतून सुरू होतो. (म्हणजे निजामाची गाडी म्हणणारे अगदीच फेकत नव्हते, निजामाच्या राज्यातली असू शकते, निजामाची नाही.)

आरटीओत जुन्या गाडीची ऑनलाइन नोंद बहुतेक नसतेच, खिडकीवर "बॅकलॉग करावी लागंल" असं सांगतात, म्हणजे जुन्या रजिस्टरवरून नोंद सिस्टीममध्ये चढवायची. एका कार्यालयात आम्हाला तीन खेपा मारायला लावल्या, रजिस्टर वरच्या मजल्यावर आहे आणि किल्लीवाले रजेवर. मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "माझ्या गाडीची सगळी माहिती द्या" लिहू नका, अमुक नंबरच्या गाडीची पहिल्या नोंदणीची तारीख, त्या वेळचा चासी आणि इंजिन नंबर, कंपनी आणि मॉडेल, असं तुकड्या-तुकड्यानं विचारा. आधीच्या मालकांची नावं विचारलीत तर खाजगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. अर्जाला गाडीचा पेन्सिल छाप जोडा.

हे सगळं कशाला, तर २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. नवीन नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही ए येतं, जुना नोंदणी नंबर असेल तर तोच ठेवता येतो. रोज भाजी आणायला वापरता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. आता "मूळ रूपात" म्हटल्यावर पर्किन्सचं काय करायचं हा आमच्यापुढचा प्रश्न, म्हणून विहिरीवरचं इंजिन आणलंय, मिस्त्री म्हणतो जाम आहे पण ब्लॉक फुटलेला नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी एकच, नंबर नसलेली किंवा ताजा पंच मारलेली गाडी कितीबी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पंच ताजा आहे हे कसं कळतं तर आकड्यांच्या कडा धारदार लागतात, आजूबाजूचा गंज अचानक थांबतो, ओळ सरळ नसते. आणि स्वतःच्या गाडीचा पुसट नंबर "नीट" करायला स्वतः पंच मारू नका, तो गुन्हा आहे, आरटीओला अर्ज करून त्यांच्याकडूनच काय ते होतं.

माहिती अधिकाराचं उत्तर यायला अजून अकरा दिवस आहेत. तोवर मामांना सांगितलं की गाडी राजाची नाही, कॅनडाची आहे. मामा थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "अठ्ठेचाळीस साली कॅनडाला राजा होता का नाही?" मी नेटवर बघितलं. होता, सहावा जॉर्ज, इंग्लंडचा तोच कॅनडाचा.

"मग," मामा म्हणाले, "राजाचीच की बे."